नावे न घेता आभार

एचआयव्हीचे निदान झाले तेव्हा आजारापेक्षा आमचे बेट लहान असल्याचीच मला अधिक धास्ती वाटली, कारण दवाखान्याच्या बाकावर कोण किती वेळ बसले होते हे इथे संध्याकाळपर्यंत घरोघरी पोचते. म्हणूनच औषधाचा डबा साध्या कागदात गुंडाळून माझ्या हाती देणाऱ्या परिचारिकेचे आभार मी सर्वांत आधी मानते. समुद्र खवळला की बोट बंद होते, हे ओळखून तिने दर वेळी तीन महिन्यांच्या गोळ्या आधीच मागवून ठेवल्या. एआरटीत, म्हणजे एचआयव्हीला रोखणाऱ्या या गोळ्यांत, खंड पडत राहिला तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो, हेही तिनेच न रागावता समजावले.

बोटचालकाने काही न विचारता पाकीट नेले. त्यात जाड कागदावर वाळवलेले रक्ताचे पाच थेंब होते, कारण पातळ नमुना दूरच्या प्रयोगशाळेपर्यंत टिकला नसता. (त्याला सारे ठाऊक असावे, असा मला आजही संशय आहे.) विषाणूंची संख्या चाचणीत न सापडण्याइतकी घटली आणि तशीच राहिली, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे माझ्या पतीला शांतपणे सांगणाऱ्या डॉक्टरांची मी ऋणी आहे. आणि शेजारीण? ती सारे कळूनही माझ्याच पेल्यातून पाणी प्यायली.