ग्रहण, वांगी आणि नातवाचं आतडं

संपादक महोदय,

माझ्या नातवाला जन्मल्यावर दोन दिवस शी झाली नाही. पोट डफासारखं ताणलेलं, दूध हिरवं होऊन बाहेर. निदान निघालं हिर्शस्प्रुंग. साधारण पाच हजार बाळांत एकाला होतो हा आजार. गावात मात्र निकाल आधीच लागला होता : सुनेने ग्रहणात भरताची वांगी चिरली! (भरताची वांगी भाजतात हो, चिरत नाहीत. हे खानदेशात मी सांगावं?)

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आतड्यातल्या चेतापेशी आतड्यात जन्मत नाहीत. त्या मानेकडच्या मज्जारज्जूपासून सुटतात, गर्भाच्या चौथ्या आठवड्यात अन्ननलिकेच्या बाजूने आत शिरतात आणि सातव्यापर्यंत गुदद्वाराशी पोचतात. वाट कोण दाखवतं? आतड्याची भिंत जीडीएनएफ नावाचं प्रथिन सोडते आणि पेशींवरचा ‘रेट’ हा ग्राही (असा निरोप पकडणारं प्रथिन) ते ओळखतो. गुळाच्या ढेपेकडे मुंग्यांची रांग सरकते ना, तसंच. बऱ्याच बाळांत या ग्राहीच्या जनुकातच बिघाड असतो. पेशी वाटेतच थांबतात. खालचा तुकडा चेतापेशींविना आवळलेलाच राहतो, शी पुढे सरकत नाही.

आणि ग्रहण लागलं तेव्हा सुनेला सातवा महिना होता. पेशींचा प्रवास केव्हाच संपलेला!

ऑपरेशन झालं, पोरगं आता लंगोट भरतं, आजी कौतुकाने धुते. ग्रहणाच्या आदल्या दिवशी आपण गरोदर बायांसाठी ‘काय टाळावे’ची चौकट छापता. पुढच्या वेळी त्या जागी हे छापा.

– एक आजोबा, चोपडा (जि. जळगाव)