निधनाची बातमी ऑनलाइन टाकताना

संपादक महोदय,

आमचे आप्पा गेले तेव्हा पेपरात छोट्या जाहिरातीत फोटो, "दुःखद निधन" आणि दहाव्याचा पत्ता एवढंच बसलं, शब्दांवर पैसे ना! मग भाच्याने फेसबुकवर मोठं लिहिलं, आप्पांची जन्मतारीख, घरचा पत्ता, आईचा मोबाईल, सगळं, आणि वर "आम्ही सगळे दोन दिवस नाशिकला, अस्थिविसर्जनाला" हेही. म्हणजे घर बंद आहे हे चोरालाच आमंत्रण की हो! दुसऱ्याच दिवशी आईला फोन, "विम्याचे पैसे अडकलेत, ओटीपी सांगा." नशीब, धाकटी जवळच होती म्हणून वाचलो.

पोस्ट टाकू नका असं नाही म्हणत, पुण्यातली बातमी अमेरिकेतल्या मावशीला त्यावरूनच कळली आणि तिथून तिने आप्पांचे इतके किस्से लिहिले की आईने ते चारदा वाचून घेतले. फक्त पूर्ण जन्मतारीख नको, वर्ष पुरे, आणि फोन घरातल्या खमक्या माणसाचा द्या. फेसबुकवर जिवंतपणीच 'लेगसी कॉन्टॅक्ट', म्हणजे आपल्यामागे खातं सांभाळणारा माणूस, नेमून ठेवता येतो, आणि माणूस गेल्याचं फेसबुकला कळवून खातं स्मृतिखातं करून घ्या, नाहीतर गेलेल्या माणसाला "हॅपी बर्थडे" येत राहतात, आप्पांना यंदा सतरा आले.

– एक वाचक, पुणे