सूचना : दुकानातले कॅमेरे तपासून घ्या

सर्व सभासद व्यापारी बंधू-भगिनींना नमस्कार.

आपल्या कोल्हापुरात गुजरी, लक्ष्मीपुरी, शाहूपुरीत आता कॅमेरा नाही असं दुकान सापडणं अवघड. पण त्यातले काही कॅमेरे जगाला उघडे असू शकतात. गूगलमध्ये ‘इनयूआरएल’, ‘इनटायटल’ असे शब्द वापरून पानाच्या पत्त्यात किंवा शीर्षकात काय आहे त्यावरून शोध घेता येतो. कॅमेऱ्याच्या लाइव्ह पानाचा पत्ता कंपनीगणिक ठरलेला असतो, त्यामुळे पासवर्ड नसलेलं पान शोधात अलगद सापडतं. शोडान हे २००९ पासूनचं सर्च इंजिन तर इंटरनेटला जोडलेली उपकरणंच शोधतं. म्हणजे आपला गल्ला आणि कुलूप लावायची वेळ कुणीही घरबसल्या बघावी!

बहुतेक वेळा चूक बसवतानाच होते. मोबाइलवर दिसावं म्हणून राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून इंटरनेटवरून आत यायची वाट) उघडतात आणि पासवर्ड कंपनीचाच राहतो. २०१६ मध्ये मिराई व्हायरसने असेच कंपनीचे पासवर्ड वापरून लाखो उपकरणं ताब्यात घेतली होती.

तेव्हा डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) आणि राउटर दोन्हींचे पासवर्ड बदला, राउटरमधलं यूपीएनपी (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा, फर्मवेअर (उपकरणातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या. ट्रायल रूमकडे कॅमेरा वळलेला असेल तर आजच काढा. आयटी कायद्याचं कलम ६६ई (संमतीशिवाय खासगी चित्रण) लागू शकतं, तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

गंमत म्हणून दुसऱ्याचे कॅमेरे शोधत बसू नका. आणि कृपा करून नवा पासवर्ड या ग्रुपवर टाकू नका.

– सचिव