ग्रीक पुराणकथांतील भाऊबंदकी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ग्रीक पुराणकथांवर जी लेखमाला सुरू झाली आहे, तिचा पहिला लेख मी दोनदा वाचला. या विषयाला मराठी वृत्तपत्रात एवढी ऐसपैस जागा क्वचितच मिळते, त्याबद्दल आपले आभार. मात्र लेखात सरसकट वापरलेल्या 'राक्षस' या शब्दाला माझी हरकत आहे. मेड्युसा राक्षसी, गेरियन राक्षस, मिनोटॉर म्हणजे 'ग्रीकांचा महिषासुर' आणि त्यांना मारणारे सगळे सज्जन नायक, अशी वाटणी लेखकाने करून टाकली आहे. मी ग्रीक भाषा शिकलेलो नाही, भाषांतरांवरच माझी भिस्त आहे. पण त्या भाषांतरांतूनही हे स्पष्ट दिसते की ग्रीकांनी स्वतः ही वाटणी कधी इतकी सरळ केली नव्हती.

देव आणि दैत्य हे कश्यपाचेच पुत्र, त्यामुळे नातेसंबंध आपल्याकडेही आहेत, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. परंतु 'राक्षस' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर एक कुळ, एक नगरी, एक सेना, थोडक्यात एक पक्ष उभा राहतो. मेड्युसेला किंवा गेरियनला असा पक्षच नाही. प्रत्येक जण जगाच्या कुठल्या तरी टोकाला आपापल्या जागी एकटादुकटा राहतो आणि कोणीतरी दुरून येऊन त्याला मारतो. अशा प्राण्यासाठी ग्रीकांचा एक शब्द आहे 'तेरास', आणि त्याचा अर्थ शकुन, उत्पात असाही होतो. दोन डोक्यांचे वासरू जन्मले की गावात जी कुजबुज सुरू होते, तिच्याशी या शब्दाचे नाते अधिक जवळचे आहे.

मेड्युसेचेच पाहा. अथिना देवीच्या शापाने एका सुंदर मुलीच्या केसांचे साप झाले, ही कथा लेखात मूळ ग्रीक म्हणून दिली आहे. वास्तविक ती आपल्याला ठाऊक आहे ती रोमन कवी ऑव्हिडमुळे, इ. स. ८ च्या सुमारास. त्याच्या सुमारे सातशे वर्षे आधी ग्रीक कवी हेसिअड सांगतो त्या कथेत शापाचा उल्लेख नाही. तेथे तिघी गॉर्गन बहिणी आहेत, त्यांपैकी एकटी मेड्युसा मर्त्य आहे, आणि समुद्रदेव पोसायडन तिच्याशी रत होतो तो मऊ कुरणात, वसंतातल्या फुलांमध्ये. पर्सियस तिचे शिर उडवतो तेव्हा त्या धडातून दोन मुलगे बाहेर पडतात, पंखांचा घोडा पेगॅसस आणि सोन्याची तलवार घेतलेला ख्रिसेऑर. पेगॅसस उडून थेट झ्यूसच्या घरी जातो आणि त्याची वीज व गडगडाट वाहून नेण्याचे काम करतो. जिला लेखकाने राक्षसी म्हटले, तिचा मुलगा देवाधिदेवाच्या घरचा माणूस झाला.

आता ही वंशावळ जरा पुढे नेली तर गंमत लक्षात येते. पर्सियस हा झ्यूसचा मुलगा आणि ख्रिसेऑर पोसायडनचा. झ्यूस आणि पोसायडन सख्खे भाऊ, म्हणजे पर्सियस आणि ख्रिसेऑर चुलतभाऊ ठरले. ख्रिसेऑरचा मुलगा गेरियन, तीन देहांचा, पश्चिमेच्या टोकाला एरिथिया बेटावर तांबड्या गुरांचे खिल्लार राखून राहणारा. त्याला मारून ती गुरे पळवून नेतो हेराक्लिस, जो पर्सियसच्या नातीचा मुलगा, म्हणजे त्याचा पणतू. पणज्याने आजीला मारले आणि पणतूने नातवाला. दोन्ही घरे एकाच देवकुळातली. याला आपल्या भाषेत राक्षसवध म्हणत नाहीत, भाऊबंदकी म्हणतात.

गेरियनचा मृत्यू तर या लेखमालेत यायलाच हवा. इ. स. पूर्व सहाव्या शतकात सिसिलीतल्या स्टेसिकोरस नावाच्या कवीने त्याच्यावर दीर्घ काव्य रचले होते. ते जवळजवळ हरवले होते; इजिप्तमधील ऑक्सिऱ्हिंकस येथे उकिरड्यात सापडलेल्या पपायरसच्या चिंध्यांवरचे त्याचे तुकडे १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या तुकड्यांत गेरियन विचार करतो की आपण अमर आहोत की म्हातारे होऊन मरणारे, आणि मरणारच असू तर आज झुंजून मेलेले बरे. त्याची आई कॅलिऱ्होई त्याला अंगावर पाजल्याची आण घालून विनवते. मग हायड्रा या अनेक डोक्यांच्या सर्पाच्या विषात बुडवलेला हेराक्लिसचा बाण त्याच्या कपाळातून आरपार जातो आणि गेरियनची मान कलते, खसखशीच्या फुलाच्या पाकळ्या एकाएकी गळून ते विद्रूप व्हावे तशी. शत्रूच्या मरणाला ही उपमा देणारा कवी त्याला राक्षस मानत असेल, हे मला पटत नाही. पुढे हेच हायड्राचे विष नेसस नावाच्या अश्वमानवाच्या रक्तातून आणि एका वस्त्रातून हेराक्लिसच्या अंगाला भिडले आणि त्याचा प्राण घेऊन गेले.

जो मान मेड्युसेला नाकारला गेला तो तिच्या चेहऱ्याला मात्र भरपूर मिळाला. कॉर्फू बेटावरील आर्टेमिसच्या मंदिराच्या दर्शनी भागावर, इ. स. पूर्व ५८० च्या सुमाराची, जवळजवळ तीन मीटर उंचीची गॉर्गन कोरलेली होती. वटारलेले गोल डोळे, बाहेर लोंबणारी जीभ, कमरेला दोन सापांचा पट्टा, आणि दोन्ही बाजूंना तिची ती दोन मुले. लेखात छापलेले नाजूक, उदास मुखड्याचे चित्र फार नंतरच्या काळातले आहे. हा विक्राळ चेहरा ग्रीकांनी ढालींवर, छपरांच्या कौलांवर, दारू पिण्याच्या पसरट प्याल्यांच्या तळाशी, सगळीकडे लावला. प्याला रिकामा झाला की आतून मेड्युसा पिणाऱ्याकडे बघे. वाईट नजरेला परतवणारा चेहरा म्हणून तिची नेमणूक झाली होती. जुन्या मंदिराच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख ओलांडून आत जाणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही, आणि तुलनाच करायची तर ती या ठिकाणी करावी.

'नायक' या शब्दाचीही हीच गत आहे. ग्रीक 'हिरो' हा सद्गुणांचा पुतळा नसतो. तो मेलेला असतो, त्याची समाधी असते, तिच्यावर बळी दिले जातात, आणि त्याचा कोप होऊ नये म्हणून लोक सांभाळून असतात. ग्रीक प्रवासवर्णनकार पौसानियासने नोंदवलेली क्लिओमिडिसची हकिकत वाचून तर अंगावर काटा येतो. अस्टिपॅलिया बेटाच्या या मुष्टियोद्ध्याने ऑलिम्पियात प्रतिस्पर्ध्याला ठार केले, म्हणून त्याचे विजेतेपद काढून घेण्यात आले. दुःखाने वेडा होऊन तो गावी परतला आणि साठेक मुले बसलेल्या शाळेचा खांब त्याने उपटला. छप्पर मुलांवर कोसळले. लोक दगड घेऊन मागे लागले तेव्हा तो अथिनेच्या देवळातल्या पेटीत शिरला, आणि पेटी फोडली तर आत कोणीच नाही. डेल्फीला कौल लावला असता उत्तर आले की हा शेवटचा हिरो आहे, आता तो मर्त्य राहिलेला नाही, त्याला बळी देऊन मान द्या. लढाईत किंवा अकाली गेलेल्या पूर्वजाचा टाक देव्हाऱ्यात पूजणाऱ्या आणि गावाबाहेर वीरगळांना शेंदूर लावणाऱ्या आपल्या समाजाकडे यासाठी 'वीर' हा नेमका शब्द असताना, सिनेमाच्या जाहिरातीतला 'नायक' कशाला हवा?

पुढच्या रविवारी थिसियस आणि मिनोटॉर यांची कथा येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात 'महिषासुर' हा शब्द टाळावा, ही विनंती. एक तर महिष म्हणजे रेडा, आणि मिनोटॉर बैलाच्या तोंडाचा. शिवाय मिनोटॉर हे त्याचे नावच नव्हे. त्याचा अर्थ 'मिनॉसचा बैल' एवढाच. पोसायडनला वाहायचा बैल क्रीट बेटाचा राजा मिनॉस याने लोभाने ठेवून घेतला, त्या गुन्ह्याची शिक्षा म्हणून हे मूल राणी पासिफेच्या पोटी आले आणि डिडॅलस या कारागिराने बांधलेल्या चक्रव्यूहात कोंडले गेले. परंपरेने त्याचे खरे नाव जपले आहे, अस्टेरियस. ज्या क्रीटच्या राजाने मिनॉसला लहानाचे मोठे केले, त्याचेही नाव हेच होते. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत लक्षात घेता, लेखात ते एकदा तरी छापावे.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा