चित्राची किंमत छापता, चित्रही छापा

मा. संपादक,

अमूर्त, म्हणजे ओळखीचा आकार न दाखवणाऱ्या, चित्राच्या लिलावाची बातमी आली की कोटींचा आकडा ठळक असतो आणि चित्र टपाल तिकिटाएवढं. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं चित्र २०१३ साली मुंबईच्या लिलावात २३.७ कोटींना गेलं, तेव्हाही बोलणं आकड्याचंच.

पण प्रभाकर कोलते या अमूर्त चित्रकाराचं नाव किती ठाणेकरांना ठाऊक आहे? जन्म १९४६, सिंधुदुर्गातलं नेरूरपार. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकार शंकर पळशीकर सरांच्या हाताखाली शिकले, १९६८ साली पदविका घेतली आणि १९७२ ते १९९४ तिथेच शिकवलं. सुरुवातीच्या कामावर युरोपातले चित्रकार पॉल क्ली यांची छाप होती. पुढे वाट स्वतःची झाली. त्यांचा कॅनव्हास बराचसा एकाच रंगाने व्यापलेला असतो. घाईतला माणूस तेवढं पाहून पुढे सरकतो. थांबलं तर दिसतं, की तो रंग म्हणजे नुसता वरचा पापुद्रा. आधीचे थर मधूनच डोकावतात, एखादा ओघळ अर्ध्यावर थबकलेला असतो. माझ्यासोबत त्यांची चित्रं पाहायला आलेल्या शेजारच्या वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘आमच्या गावच्या पडवीची भिंत पावसात अशीच दिसते.’’

मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकला परीक्षांच्या मुलांकडून मडकं, लिंबू, त्यांच्या सावल्या घोटून घेतल्या. रंग ओघळला की गुण कापायचो. कोलत्यांच्या चित्रासमोर पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा ते कापलेले गुण आठवले. खरं सांगायचं तर जरा लाजच वाटली.

पुरवणीत महिन्यातून एकदा तरी अर्धं पान एकाच चित्राला द्या, रंग नीट छापून, भाव नको. आणि कापूरबावडीच्या ठाणे कला भवनात चित्रकार स्वतः चित्रांपाशी बसून बोलतील, असे काही रविवार व्हावेत म्हणून आपल्या वृत्तपत्राने महापालिकेकडे शब्द टाकावा. चित्रं पाहायला मुंबईतल्या काळा घोड्याच्या कलादालनांत जायचं तर घोडबंदरच्या मुलाचा अर्धा दिवस ठाणे स्टेशन आणि लोकलमध्येच जातो. खुर्च्या मांडायला मी येईन, मानधन नको.

एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
चरई, ठाणे (प.)