बाबांच्या रेडिएशनबद्दल

प्रिय आई-बाबा,

फोनवर विषय काढला की बाबा टाळतात आणि आई, तू रडतेस, म्हणून लिहितेय. बाबांच्या स्वरतंतूच्या कॅन्सरसाठी डॉक्टरांना मी रेडिएशनला हो सांगून टाकलंय. बाबा, चिडू नका. लेझरच्या ऑपरेशनने एका दिवसात झालं असतं हे मलाही कळतं, पण तुमचा डाग पुढे दोन्ही स्वरतंतू जुळतात तिथपर्यंत आलाय, तिथे कापलं तर आवाज जास्त बिघडू शकतो, आणि तुमच्या आवाजाशी मला तडजोड नकोय. राक्षसाचा आवाज काढून तुम्ही मला भरवायचात ना, तोच आवाज.

नानाकाकांचं डोळ्यासमोर आणू नका. त्यांचं फार उशिरा कळलं होतं. तुमचं टी-वन आहे, म्हणजे अगदी सुरुवातीचं, तंतू नीट हलतायत, गाठी नाहीत. अशा स्टेजला रेडिएशनने 100 पैकी साधारण 85 ते 95 जणांचा तिथला आजार पूर्ण जातो. डाग पुढे असल्याने तुमचं थोडं कमी धरा, डॉक्टरांनी लपवलं नाही, मीही लपवत नाही. आणि परत आलाच तर ऑपरेशनचा रस्ता असतोच.

28 सिटिंग, शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे साडेपाच आठवडे. मशीनखाली काही मिनिटंच पडून राहायचं, दुखत नाही. किरण गळ्यावरच्या पाच-सहा सेंटिमीटरच्या चौकोनातच पडतात त्यामुळे डोक्याचे केस जात नाहीत, आणि आई, बाबांच्या अंगातून काही किरण-बिरण बाहेर येत नाहीत, नातवाला खुशाल मांडीवर घेऊ देत.

एक मात्र आत्ताच सांगते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आवाज आणखी बसेल, गिळताना दुखेल, गळ्याची कातडी लाल होईल. म्हणजे बिघडलं असं नाही! संपल्यावर सूज उतरायला काही आठवडे, कधी महिने जातात, मग आवाज सुधारतो. पण श्वास घ्यायला त्रास झाला तर तासभरही वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल.

आता ऐका. सिगारेट बंद, गच्चीवरचीसुद्धा, मला माहितीये. त्याने उपचाराचा असरही कमी होतो आणि आवाजही नीट भरत नाही. रेडिएशन सुरू झालं की गळ्याला ब्लेड लावायचं नाही, ट्रिमर आणलाय. विचारल्याशिवाय क्रीम नाही. आई, जेवण मऊ आणि कोमट, तिखट बंद, वजन दर आठवड्याला लिहून ठेव. नंतर दुर्बिणीची तपासणी आणि थायरॉइडची टेस्ट चुकवायची नाही, तारखा मी सांभाळते.

त्या दिवसांत माझ्याकडेच राहायचंय, खोली आवरलीये, बाबांची उशी तेवढी आणा, दुसऱ्या उशीवर झोप लागत नाही त्यांना.

रेडिएशन घेताना मान हलू नये म्हणून मास्क लावतात, तो गुरुवारी बनवायचाय, मी गाडी घेऊन येते. बाबा, बुधवारी रात्री दाढी साफ करून ठेवा, मास्क नीट बसायला हवा.

तुमची,
छकुली