मावा मरतो, पण विषाणू पसरवूनच

मा. संपादक,
स. न.

आपल्या शेतीपानावरचा टोमॅटोतल्या रोगांबद्दलचा सल्ला वाचला. मावा, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडी दिसल्या की फवारा, आठ दिवसांनी औषध बदलून पुन्हा फवारा, एवढंच त्याचं सार. २०२०च्या उन्हाळ्यात मीही हेच केलं होतं. त्या वर्षी जुन्नर-संगमनेर पट्ट्यात टोमॅटोवर 'तिरंगा' रोग आला. एकाच फळावर लाल, पिवळे, हिरवट पट्टे, आणि कापलं तर आतून कडक. हा रोग माणसालाही होतो अशी अफवा उठली आणि चांगल्या मालाच्या कॅरेटलाही गिऱ्हाईक मिळेना, ते वेगळंच. बंगळुरूला तपासलेल्या नमुन्यांत कुकुंबर मोझॅक विषाणू निघाला. रावेर-यावलच्या केळीत ज्याला 'हरण्या' म्हणतात, तो हाच.

माव्यामार्फत पसरायची या विषाणूची चाल मला फार उशिरा कळली. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी भोपळावर्गीय वेलांवर केलेलं काम २०१०मध्ये प्रसिद्ध झालं. रोगट वेलाला वास निरोगी वेलासारखाच येतो, फक्त जास्त. त्या वासावर मावा येतो, सोंड टोचून बघतो, पण रस त्याला मानवत नाही. मग तिथे बिऱ्हाड न करता तो पुढचं रोप गाठतो. अत्तर शिंपडून पंगतीला बोलवायचं आणि पानात करपलेला भात वाढायचा, तसा प्रकार. विषाणूला हेच हवं असतं. हा विषाणू माव्याच्या अंगात मुरत नाही, सोंडेला चिकटून जातो. उचलायला काही सेकंद, सोडायलाही काही सेकंद. मावा तिथेच निवांत रस पीत बसला, तर विषाणूचा प्रवास खुंटला.

प्रयोग टोमॅटोवरचा नव्हता, हे मान्य. पण त्यात वापरलेल्या माव्यांपैकी एक जात आपल्या कपाशी-काकडीवरचीच आहे. आणि गव्हावरच्या २०१२च्या एका अभ्यासात तर तिथल्या वेगळ्या विषाणूने माव्याची आवडच फिरवलेली दिसली: विषाणू नसलेला मावा रोगट रोपाकडे जातो, विषाणू घेतलेला निरोगी रोपाकडे!

आता फवारणीचं बघा. औषध लागून मावा मरेपर्यंत त्याने चार रोपं टोचलेली असतात. पांढऱ्या माशीचं गणित निराळं. पर्णगुच्छाचा (पानं वळून आकसतात त्या रोगाचा) विषाणू उचलायला आणि सोडायला तिला बराच वेळ रस प्यावा लागतो, त्यामुळे तिथे औषधाला वाव मिळतो. आपल्या सल्ल्यात दोन्ही रोग एकाच ओळीत बसवले आहेत. माझी तक्रार तेवढीच.

मोझॅकमध्ये धोका आहे तो पहिल्या चार-दोन रोगट रोपांचा. 'अजून फळं धरतील' म्हणून आपण ती ठेवतो. मी आता लागवडीनंतर एक दिवसाआड सकाळी सरीसरीतून फिरतो. शेंड्याची पानं चिंचोळी, दोरीसारखी दिसली की त्या रोपावर खताची रिकामी गोणी घालतो, पायथ्याशी तोंड आवळतो आणि मगच रोप उपटतो. उघडं उपटून बांधावर टाकलं, तर रोप सुकताच मावा शेजारी चढतो. गोणीत खर्च नाही, म्हणून औषधाच्या दुकानात हे कुणी सांगत नाही. निदान आपल्या पानावर छापावं, ही विनंती.

आपला,
एक टोमॅटो उत्पादक, ता. जुन्नर